पिंजाऱ्याच्या घरी फोमचा सोफा

नंदुरबार,
४ डिसेंबर २०२३

प्रिय सखी सौ. मोहिनी हिस,
नईमाचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र आणि दिवाळीच्या फराळाचा डबा दोन्ही पोचले. डबा रिकामा परत करायचा नाही ही तुझ्या आईची शिकवण विसरलेली नाही, पण सध्या त्यात काय भरावं इतकंही माझं डोकं ठिकाणावर नाही. फोनच करणार होते. पण आमच्या घरात यांना स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की गल्लीला ऐकू येतं. तेव्हा आपलं शाळेपासूनचं पत्रच बरं.

बातमी अशी की आपल्या मदिहाला स्थळ आलं आहे. अक्कलकुव्याचे लोक, आडनाव मन्सुरी, हमरस्त्यावर टायरचं दुकान. मुलगा कलीम तिथल्याच एका लॅबमध्ये रक्त तपासतो. मदिहा इथे मेडिकलवर फार्मासिस्ट. दोघं आधीच कुठल्याशा शिबिरात भेटली होती, आणि आता स्थळ माझ्या नणंदेने आणलं असं दोघंही साळसूदपणे सांगताहेत. पोरगी अशी फुलली आहे की गिऱ्हाइकाला जुलाबाची गोळी देतानाही हसते.

घोडं अडलंय आडनावापाशी. ते मन्सुरी आणि आम्ही पिंजारी, बिरादरी एकच. पण ज्यांच्या हातून कापूस पिंजायची पिंजण सुटली ते मन्सुरी म्हणवू लागले, ज्यांच्या हाती राहिली ते पिंजारीच राहिले. मुलाचे वडील चारचौघांत सांगतात की आमच्या घरात रुईला कुणी कधी हात लावला नाही. हे ऐकून माझ्या नणंदेने परस्पर ठोकून दिलं की माझ्या भावाचाही होम फर्निशिंगचा व्यापार आहे. म्हणजे आमचं गादीचं दुकान ग! आता खोट्याला पाय फुटले आहेत. 'पिंजारी गादी भांडार' या पाटीवर होम फर्निशिंगचा नवा फ्लेक्स चढला. अब्बाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची पिंजण बैठकीच्या भिंतीवरून माळ्यावर गेली. आणि कळस म्हणजे रविवारी पाहुणे यायचे म्हणून यांनी शेजारून फोमचा सोफासेट उसना आणला. पिंजाऱ्याच्या घरी फोम! अब्बाजींना सांगून ठेवलंय की बरं नाही म्हणून आतल्या खोलीत पडून राहायचं आणि काही बोलायचं नाही. ते म्हणाले, मन्हाच घरमा मी पाहुना शे का?

मदिहा म्हणते की लग्नाआधीच खोटं बोललो तर लग्नानंतर काय बोलायचं. बाप म्हणतो, तुझ्याच सुखासाठी चाललंय हे. मी मधल्या मधे अडकित्त्यातली सुपारी. स्थळ मोडलं तर पोर तोंडाने काही म्हणणार नाही, पण मनातून करपून जाईल, तिला मी ओळखते. तू काय ते लिही.

हेमकांतभाऊंना सलाम, भाविकाला दुवा. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच,
नईमा


पुरुषोत्तमनगर,
७ डिसेंबर २०२३

प्रिय नईमा हिस,
मोहिनीचा स. न. वि. वि.

रागावू नकोस असं तू लिहिलंच नाहीस, म्हणून पोटभर रागावून घेते. आडनाव माळ्यावर टाकायला ते काय जुनं भांडं आहे?

आमच्या घरात पिंजारी हे आडनाव नव्हतंच, तो ऋतू होता. तुझे वडील खांद्यावर पिंजण घेऊन गल्लीच्या तोंडाशी यायचे, तिच्या ताणलेल्या तातीवर एक टिचकी मारायचे, आणि आई म्हणायची, चला, थंडी आली. मग अंगणात चार दिवस रुई उडायची, आम्ही पोरं म्हाताऱ्यासारखी पांढरी होऊन फिरायचो. गावात लग्न ठरलं की सोनाराच्या आधी पिंजाऱ्याकडे सांगावा जायचा. दागिने काय, पेटीत पडून राहतात, संसार गादीवर होतो, असं माझी आजी मोठ्यांदा म्हणायची आणि सुना पदर तोंडात धरायच्या. तुझ्या वडिलांचं खरं नाव मला दहावीपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या लेखी पिंजारी म्हणजे ज्याच्याकडे लाडू पाठवल्याशिवाय आपण खायचा नाही असा माणूस.

आणि शाळा आठव. गुरुजींनी हजेरीत नईमा पिंजारी म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं पिंजणीसारखं ढंय ढंय करायची. आणि तू मधल्या सुट्टीत त्यांच्या पाठीत ढंय ढंय करायचीस. ती नईमा कुठे गेली, मला तिचा पत्ता कळव.

इकडे साखर कारखान्याचं गाळप जोरात आहे, सगळ्या घराला मळीचा वास. परवा यांनी चष्म्यासाठी अख्खं घर पिंजून काढलं. चष्मा डोक्यावरच होता. मी म्हटलं, तुम्हीच पिंजारी लावायला लागा, नईमाकडे ते आडनाव सध्या रिकामं पडलंय. तेव्हापासून रुसले आहेत, आणि घरात शांतता आहे.

चेष्टा पुरे. मदिहाच्या अब्बांना मी दोष देत नाही, लेकीच्या बापाला रात्री नाही नाही ते दिसतं. पण तुझ्या सासऱ्यांना, गफूरचाचांना कोंडू नकोस ग. ज्या माणसाने घर उभं केलं त्यालाच आजारी ठरवून आत निजवायचं, हे मला पटत नाही. ते जमत नसेल तर निदान सोफा तरी परत कर.

रविवारचं सगळं ताबडतोब लिही, पानं मोजू नकोस. मदिहाच्या दोन्ही गालांवर माझ्यातर्फे हात फिरव. जसा आहे तसाच लोभ दोन्हीकडून राहू दे.

तुझी,
मोहिनी


नंदुरबार,
११ डिसेंबर २०२३

प्रिय सखी मोहिनी हिस,
सप्रेम सलाम वि. वि.

सोफा परत केला, पण उशिरा. सगळं सांगते.

पाहुणे आले ते मोठ्या गाडीतून. कलीम, त्याचे आईवडील आणि आजोबा यासीनदादा. सगळ्यांना सोफ्यावर बसवलं. यासीनदादा बसले ते खाली खालीच गेले, गुडघे छातीला लागले, शेवटी कलीमने हात देऊन बाहेर काढलं. आधीच अक्कलकुव्याच्या रस्त्याने त्यांची कंबर धरलेली. बेटी, जरा पाठ टेकू दे, असं म्हणाले. मी पाहुणचाराच्या घाईत त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि अब्बाजींच्या शेजारी, घरच्या गादीवर आडवं केलं. ज्याला लपवायचं त्याच्याच कुशीत पाहुणा नेऊन निजवला. माझ्या अकलेला काय म्हणावं ते तूच म्हण.

बाहेर गप्पा रंगल्या. कलीमचे वडील सांगत होते की आमच्यात पिंजायचं काम कुणाला माहीतही नाही. आमचे हे मान डोलावून म्हणत होते की आमच्याकडेही तसंच. मदिहा चहाचा ट्रे धरून उभी, कानशिलं लालेलाल. आणि तेवढ्यात मागच्या पडवीतून आवाज आला. ढंय, ढंय, ढंय. मोहिनी, पिंजणीचा आवाज! त्या आवाजाला दुसरं काही म्हणून खपवता येत नाही ग. मिक्सर म्हणावं, तर मिक्सर असा गातो कुठे?

आत काय घडलं ते अब्बाजींनी नंतर सांगितलं. यासीनदादा आडवे झाले आणि त्यांचा हात आपोआप गादीच्या कडेला गेला. शिवण चाचपली, उसवलेल्या जागी बोट घालून रुईचा पुंजका काढला, दोन चिमटींत धरून हळूच ताणला. मग विचारलं, हाऊ कापूस कोनी पिंजा? अब्बाजींवर बोलायची बंदी होती. पण पिंजाऱ्याला त्याची रुई कोणी पिंजली असं विचारल्यावर तो गप्प बसेल का? ते म्हणाले, मी. दादांनी त्यांचा हात उलटा करून तळव्यावरचं घट्टं पाहिलं आणि आपला तळवा शेजारी धरला. त्यावरही घट्टं, जुनं, पांढुरकं. मग काय, एकाने माळ्याची शिडी धरली, दुसरा चढला.

आम्ही सगळे पडवीत धावलो. यासीनदादा लुंगी खोचून पिंजणीपुढे बसलेले, दाढीत, भुवयांत रुई. अब्बाजी शेजारी बसून ओरडत होते की तुन्हा हात आजून चाली ऱ्हायना भाऊ! दोघंही असे हसत होते की मला त्या क्षणी भीती वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. मग मी कलीमच्या वडिलांचा चेहरा पाहिला. तो पार उतरला होता. ते आम्हाला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. वडिलांच्या हाताला धरून त्यांना उठवलं, गाडीत बसवलं आणि निघाले. मी केलेला जर्दा, आमचा केशरी गोड भात, पातेल्यात तसाच राहिला.

मदिहाचे अब्बा आज दुकानात गेले नाहीत. मदिहा गेली, पण हसणं थांबलं आहे. घरात एकटे अब्बाजी खूश आहेत, सारखे विचारतात की तो भला माणूस पुन्हा कधी येणार.

जर्दा तुझ्या डब्यात भरून पाठवला असता, पण तो मी रागाने सगळा खाल्ला. दुवा कर, आणि मला धरून राहा.

तुझी,
नईमा


नंदुरबार,
१९ डिसेंबर २०२३

ती. मोहिनीमावशीस,
मदिहाचा सा. न. वि. वि.

अम्मी तुम्हाला लिहायला बसते, दोन ओळी लिहून डोळे पुसते आणि कागद चुलीत जातो, म्हणून मी लिहिते आहे. अक्कलकुव्याहून काही निरोप नाही. कलीमचे मेसेज येतात, पण त्यांतही बातमी अशी की त्याचे वडील घरात कुणाशी बोलत नाहीत आणि दादा नीट जेवत नाहीत. आई मधे बसून दोघांची ताटं झाकते. कलीमला विचारलं की तुला काय वाटतं. तो म्हणाला की मला तर आपले आजोबा काय होते हे त्या दिवशीच कळलं.

मावशी, या आडनावाचं मला कधी ओझं वाटलं नव्हतं. पुण्यात शिकत होते तेव्हा रूममेटला वाटायचं की मी पारशी आहे. ती मला नवरोजच्या शुभेच्छा द्यायची आणि मी घ्यायचे. हॉस्टेलवर सगळ्या पिंजू म्हणायच्या. इथे मेडिकलवर डोंगरातल्या बायका येतात, दुसरं काउंटर रिकामं असलं तरी रांगेत थांबतात, गोळ्या पिंजारीणबाईच्याच हातून पाहिजेत म्हणून. त्यांच्या लेखी पिंजारीण म्हणजे गोळी कधी घ्यायची ते दोनदा सांगणारी बाई. एवढे अर्थ असताना अब्बांना एकच का दिसावा?

काल मी स्टुलावर चढून दुकानावरचा फ्लेक्स काढला. अब्बा खाली उभे होते. वाटलं आता ओरडतील, तर त्यांनी स्टूल धरलं.

तुमच्यापासून काय लपवू? मला कलीम पाहिजे. खूप पाहिजे. पण आडनाव माळ्यावर टाकून त्याच्या घरी जायला जमणार नाही, आणि न टाकता ते नेतील असं दिसत नाही. अम्मीला धीर द्या. मला दिलात तरी चालेल.

काकांना नमस्कार, भाविकाला माझा गोड पापा. माझ्यावरची सावली अशीच राहू द्या.

तुमची,
मदिहा


मु. सारंगखेडा,
२२ डिसेंबर २०२३

आदरणीय यासीनदादा यांस,
मोहिनी हेमकांत पाटील हिचा सा. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही. मी मदिहाची मावशी. रक्ताची नाही, रुईची म्हणा. तिच्या आईचे वडील आमच्या घरच्या गाद्या पिंजत, तेव्हापासून हे नातं आहे. आपला पत्ता मी कलीमकडून मागून घेतला, तेव्हा रागवायचं झालं तर माझ्यावर रागवावं.

सध्या घोड्यांच्या जत्रेसाठी माहेरी आले आहे. गावात माणसापेक्षा घोडे जास्त आणि दोघांच्याही अंगावर सारखेच दागिने. माझा भाऊ अमृत याने यंदाच्या कापसाची सरकी काढून रुई ठेवली होती. ती मी काल नंदुरबारला गफूरचाचांकडे धाडली. मदिहाच्या लग्नाची गादी माझ्याकडून, असा माझा जुना शब्द आहे. लग्न कुठे आणि कधी हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसावं. पण रुई तयार आहे आणि ती कुणासाठी थांबत नाही, दमट हवा लागली की बसते.

अडचण एवढीच की गफूरचाचांचा खांदा आता दुखतो. त्यांना जोडीला एक हात हवा. मशीनवर पिंजू म्हटलं तर ते माझ्याशी बोलायचे नाहीत. आपला हात अजून चालतो असं कळलं. आमच्याकडे म्हणतात की एकट्याने पिंजलेल्या गादीवर नवराबायको भांडतात. खरं-खोटं देव जाणे, पण उगाच धोका कशाला घ्या?

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर लेक समजून पोटात घालावा. आपल्या घरातल्या सर्वांना माझा नमस्कार पोचावा.

आपली नम्र,
मोहिनी


नंदुरबार,
२ जानेवारी २०२४

प्रिय, कारस्थानी सखी मोहिनी हिस,
नईमाचा सप्रेम सलाम, आणि एक धपाटा, वि. वि.

तू यासीनदादांना पत्र लिहिलंस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस! मला ते कळलं कसं, तर शनिवारी सकाळी दार उघडलं आणि दारात यासीनदादा. हातात कापडी पिशवी, पायात धुळीच्या चपला. एसटीने एकटे आले होते, घरी कुणाला न सांगता. माझ्याशी जेमतेम सलाम केला आणि थेट विचारलं की रुई कुठे आहे. अब्बाजी तर आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले.

मी लगेच कलीमला फोन लावला, आणि लावला म्हणून बरं. तिकडे पहाटेपासून अक्कलकुवा पिंजून काढत होते. मशीद झाली, स्टँड झाला, दवाखाने झाले. कलीमचे वडील तसेच गाडीत बसून निघाले. इथे पोचले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली होती. पडवीत ढंय ढंय चालूच होतं. मदिहा दाराशी उभी होती, तिला ओलांडून ते वडिलांपुढे जाऊन उभे राहिले आणि एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज फुटला. ते म्हणाले की मला वाटलं तुम्ही गेलात.

यासीनदादांनी हात थांबवला. मग जे बोलणं झालं ते आम्ही कुणी ऐकायला नको होतं, पण हलवतही नव्हतं. कलीमचे वडील लहान असताना शाळेतून रडत आले होते, पोरांनी ढंय ढंय करून चिडवलं म्हणून. दुसऱ्याच दिवशी दादांनी पिंजण कुणाला तरी देऊन टाकली आणि हमरस्त्यावर पंक्चर काढायला बसले. त्याविषयी घरात पुन्हा शब्द नाही. मुलाला वाटलं, बापाला या कामाचा तिटकारा होता, त्याची आठवणही नको. म्हणून तो जगाला सांगत राहिला की आमच्या घरात रुईला कुणी शिवलंच नाही. बापाला वाटलं, मुलाला आपली लाज वाटते. म्हणून तो गप्प राहिला. दोघांनी एकमेकांना जपण्यात आख्खं आयुष्य घालवलं ग! दादा म्हणाले की मला हे काम कधीच नकोसं नव्हतं, मला तुझं रडणं नकोसं होतं.

मदिहाच्या अब्बांनी तेवढ्यात पुढे होऊन हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. होम फर्निशिंग नाही, गादीचं दुकान आहे, सोफा उसना होता, आम्ही पिंजारी आहोत आणि खोटं बोललो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला त्यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

मग कलीमचे वडील खाली रुईतच बसले, चांगल्या पँटमध्ये, आणि वडिलांच्या दाढीतली रुई एकेक करून वेचायला लागले. मदिहा पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी त्यांनी तिच्याकडे मान वळवली. मला वाटलं आता निकाल. ते एवढंच म्हणाले की बेटी, तुन्हा दादाले चहा दे.

तुझ्या दादाला! मोहिनी, कळलं का तुला? यासीनदादा आता तिचेही आजोबा! आम्हाला क्षणभर उमगलंच नाही. मदिहाला उमगलं. ती आत पळाली, डोळ्यांना ओढणी लावून हसत, आणि एकच कप घेऊन आली, घाईत दुसरा भरायचं भान कुठलं. तिने कप पुढे केला आणि दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदम हात पुढे केले.

रमजानच्या आधी, फेब्रुवारीतली तारीख धरली आहे. चार दिवस आधी ये, मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि तुझ्या गळ्यात पडून रडायचंही आहे. हेमकांतभाऊंना आग्रहाचा सलाम. थोरांना आदाब, लहानांना दुवा, आणि तुझ्या वाट्याला जे काही माझ्याकडे उरलं असेल ते सगळं.

तुझीच,
नईमा पिंजारी